डावीकडचे शब्द

मी एक चष्मा. जाड काळ्या काड्यांचा, फारसा देखणा नाही. अकरा वर्षं एकाच नाकावर बसलोय, म्हणून ही हकीकत सांगायचा हक्क माझाच.

ते नाक एका छापखान्यातल्या बाईंचं. पुस्तक छापण्याआधी त्याची प्रुफं वाचून चुका काढायच्या, हे त्यांचं काम. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या तावडीतून सुटायची नाही. सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. मला वाटायचं, या कौतुकात निम्मा वाटा आपला आहे.

मग एके सकाळी छपाईयंत्रावरचे म्हातारे मशिनमन एक ओला कागद घेऊन आमच्या टेबलाशी आले. मुलांच्या पुस्तकातलं पान होतं. वर नागाचं चित्र, आणि खाली ओळीच्या सुरुवातीलाच छापलं होतं : ‘बिनविषारी साप आहे.’

‘‘बाई, हे पान तुम्ही पास केलंय,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘मी यंत्र थांबवलंय.’’

बाईंनी कागद तिरका केला, मान वळवली, आणि त्यांच्या कपाळावर फुटलेला घाम माझ्या काचांवर उतरला. काल त्यांनी तिथे ‘विषारी’ असंच वाचलं होतं. ‘बिन’ त्यांना दिसलंच नव्हतं.

‘‘चष्म्याचा नंबर बदलला असेल,’’ मालक म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. गेले दोन महिने बाईंचा डावा खांदा दारावर आपटत होता, पेला हाताला लागून लवंडत होता. तेही माझंच पाप असणार, असं मी धरून चाललो.

त्याच दुपारी बाईंची मुलगी त्यांना चष्मेवाल्याकडे घेऊन गेली. त्याने नंबर तपासला. होता तोच होता. मग त्याने बाईंना नाकासमोर बघायला सांगितलं आणि आपला हात त्यांच्या डावीकडे धरला.

‘‘किती बोटं?’’

‘‘कुठली बोटं?’’ बाई म्हणाल्या.

माझ्या डाव्या काचेतून तीन बोटं लख्ख दिसत होती. मी हादरलो. मी दाखवत होतो आणि त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्याने एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू कोरी.

‘‘चष्म्याचा दोष नाही, डोळ्यांचाही नाही,’’ तो मुलीला म्हणाला. ‘‘आजच मोठ्या दवाखान्यात जा. डोकं तपासायला सांगा.’’

मेंदूत मागच्या बाजूला, उजवीकडे, लिंबाएवढी गाठ होती. तिथूनच माणसाला डावीकडचं दिसतं, हे मला तेव्हा कळलं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या होत्या.

‘‘गाठ काढल्यावर मला वाचता येईल?’’ बाईंनी विचारलं.

‘‘जीव वाचावा म्हणून काढतेय. नजर किती परत येईल, ते मला आज सांगता येणार नाही. खोटी आशा लावत नाही मी.’’

‘‘बरं झालं. खोटं पुढे जाऊ द्यायचं नाही, हे माझंही काम आहे.’’

सहा तास मी मुलीच्या मुठीत होतो. डॉक्टर बाहेर आल्या आणि तिच्याशेजारी बाकावर टेकल्या. ‘‘गाठ निघाली. एका शिरेला छोटा तुकडा चिकटलाय. तो सोडवायला गेले असते तर आई हाती लागल्या नसत्या. मी हात आवरला.’’

दुसऱ्या दिवशी मुलीने मला बाईंच्या डोळ्यांवर ठेवलं. माझी काडी कानामागे गेली, तर तिथे केसच नव्हते. बाई म्हणाल्या, ‘‘आई, तू अर्धीच दिसतेस गं.’’ त्या लेकीलाच आई म्हणत होत्या. लेक खिडकीकडे वळली.

हा गोंधळ आठवडाभरात निवळला. नजर मात्र मुंगीच्या पावलांनी आली, आणि सगळी आलीच नाही. डाव्या कडेची एक पट्टी गेली ती गेलीच. दवाखान्यातल्या एका ताईंनी बाईंना एक युक्ती शिकवली : पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ ओढायची, आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची. पहिल्या दिवशी चार ओळी वाचून झाल्या आणि त्यांना भोवळ आली. तिसऱ्या महिन्यात पान पुरं झालं.

मग तपासणीला गेलो. डॉक्टरांनी साऱ्या उपचारांचा कागद हाती दिला. बाईंनी लाल पेन्सिल काढली, रेघ ओढली आणि सवयीने वाचू लागल्या. तिसऱ्या ओळीशी बोट थांबलं.

‘‘डॉक्टर, माझी गाठ उजवीकडे होती ना?’’

‘‘हो.’’

‘‘इथे ‘डाव्या’ लिहिलंय.’’

डॉक्टरांनी कागद ओढून घेतला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खाली सही त्यांचीच होती. तुकडा अजून आत होता. उद्या कुणी दुसऱ्याने हाच कागद बघून हत्यार उचललं असतं तर?

‘‘मी वाचला होता हा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोनदा.’’

‘‘होतं असं,’’ बाई म्हणाल्या, आणि लाल पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली.