चांगलं कारण

अर्पिताने आठवा कागद टिश्यू पेपरच्या खोक्यावर सरळ केला, वर तारीख घातली आणि मान वर न करताच विचारलं, "सोनम, तुझं कारण काय लिहू?"

"बाळंतपण," सोनम म्हणाली आणि पदराशी चाळा करत बसली.

कोणी हसलं नाही. सोनमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि गेली तीन वर्षं तिच्या राजीनाम्यात बाळंतपणच होतं.

ऐरोलीतल्या त्या काचेच्या इमारतीच्या बेसमेंटात, फिनेलच्या कॅनच्या वासात, हा कार्यक्रम दरवर्षी व्हायचा. अकरा महिने भरले की साफसफाईच्या बायकांनी आपण होऊन नोकरी सोडायची. आपण होऊन म्हणजे, कंत्राटदाराचा मॅनेजर रणजीत सांगेल त्या दिवशी. मग महिनाभर घरी बसायचं, परत यायचं, नवं कार्ड गळ्यात घालायचं आणि तोच मजला पुसायचा. कोणी कायम होऊ नये म्हणून केलेली ही चलाखी शेंबड्या पोरालाही कळली असती. पण कागदावर सगळं कसं स्वच्छ. बहुतेकींना सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून राजीनामे सुपरवायझर अर्पिताने लिहायचे. प्रत्येकीचं कारण वेगळं पाहिजे, ही रणजीतची अट.

पहिल्या वर्षी अर्पिताने एकीच्या कागदावर 'सासू आजारी' असं ठोकून दिलं होतं. पंधरा दिवसांत सासू खरंच गेली. तेव्हा भिमाबाईंनी सगळ्यांना बजावलं, वास्तू तथास्तु म्हणते, कारण द्यायचं तर चांगलंच द्यायचं. झालं, तेव्हापासून राजीनाम्यांमधून बायकांची घरं बांधून झाली, पोरांना नोकऱ्या लागल्या, एकदोघींच्या नवऱ्यांची दारूसुद्धा सुटली. भिमाबाईंच्या मुलीचं लग्न तर चार वर्षं ओळीने लागलं आणि यंदा वैशाखात खरोखरच लागलं. लिहून लिहून लागलं, असं त्या मांडवात येईल त्याला सांगत होत्या.

एकेक सही करून बायका आपापल्या मजल्यावर गेल्या. शेवटी भिमाबाई उरल्या. मुद्दामच मागे थांबल्या होत्या.

त्या शिरवण्याच्या, अर्पिताच्याच आळीतल्या. सहा वर्षांपूर्वी बारावी होऊन घरी बसलेल्या अर्पिताला हाताला धरून त्यांनीच इथे आणलं होतं. वय छप्पन्न, पण जमिनीवरून उठताना हात टेकायच्या नाहीत. सोनमसारख्या तरुण पोरी भिंतीचा आधार घ्यायच्या, तेव्हा भिमाबाई त्यांची यथेच्छ टर उडवायच्या.

अर्पिताने नवा कागद घेतला आणि उगाचच पेन झटकलं. सकाळपासून तिला याच कागदाची धास्ती होती. रणजीतने तिला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं होतं.

"या वेळी पन्नासच्या वरचे परत घ्यायचे नाहीत. तुमच्यात एकच आहे, ती भिमाबाई. सही होईपर्यंत बोलायचं नाही, काय? उगाच तमाशा नको."

मग आवाज मऊ करून म्हणाला होता, "संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा कागद दे. एक तारखेपासून तू बिल्डिंगवाल्या कंपनीच्या रोलवर. पर्मनंट. बघ, नाव टाकलंय तुझं." त्याने मोबाइलवर यादी दाखवली होती. यादीत तिचं नाव होतं, आडनावासकट. तिने ते दोनदा वाचलं होतं.

पर्मनंट. या शब्दासाठी तिने सहा वर्षं मान खाली घालून काम केलं होतं. मागच्या आठवड्यात रणजीतने पहिल्यांदा विषय काढला, तेव्हाच तिने घाईघाईने आळीत सांगूनही टाकलं होतं.

"काकी, तुजं काय लिवू?" अर्पिताने विचारलं. वरच्या मजल्यांवर ती शहरातल्यासारखं बोलायची. भिमाबाईंशी बोलताना आपसूक घरचं तोंडात यायचं.

"पोरीचा लगीन तं झाला," भिमाबाई म्हणाल्या.

"मंग नातू लिवू?"

"नको." भिमाबाईंनी मांडीवरचा पदर सारखा केला. "यंदा खरा काय तो लिव. लिव, वय झाला."

अर्पिताचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच शाईचा ठिपका पडला. वाईट कारण द्यायचं नाही असं सगळ्यांना दटावणारी ही बाई.

"काकी, असा कशाला…"

"मला म्हाइत हाय, बाय. वरच्या हापिसातल्या पोरांनी सकालीच सांगलान. पन्नासच्या वरती नकोत त्यांना." त्या अगदी शांतपणे बोलत होत्या. "मी सही नाय केली तं तो तुजा पर्मनंट अडवंल. करते मी. माजा काय, पोरीचा झाला सगला."

अर्पिताला म्हणावंसं वाटलं, नको करू सही. पण तिने लिहिलं, 'माझे वय झाल्यामुळे मी स्वखुशीने काम सोडत आहे.' अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, आणि त्याची तिला लाज वाटली. भिमाबाईंनी एकेक अक्षर कोरत सही केली. अर्पिताने डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसलं आणि कागद गोळा केले.

वर केबिनमध्ये रणजीतने कागद मोजले, फायलीत लावले आणि फाईल कपाटात टाकून किल्ली खिशात घातली. मग ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून तिच्यापुढे सरकवला.

"आता तुझा."

"माझा कशाला, सर? माझं तर तिकडे…"

"अगं, तिकडे जायचं म्हणजे आधी इथून रिझाइन करायला नको?"

"मग तिकडचं लेटर?"

"येईल ना. त्यांचं बोलणं चालू आहे. नाहीच जमलं तर महिन्याने ये, नवीन कार्ड काढू."

"म्हणजे त्यांच्यासारखंच."

रणजीतने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "हे बघ, बारा नावांची लिस्ट आहे. एक जरी कागद कमी आला तर लिस्ट पुढे जात नाही. मग त्या दहा जणींचंही परत यायचं लटकेल. तूच सांग त्यांना, कोणामुळे ते."

"भिमाबाईंचा कागद परत द्या."

"गेला तो," रणजीत म्हणाला. कपाट तिच्यापासून दोन हातांवर होतं. त्याने फोन उचलला आणि दुसऱ्याच कोणाशी हसून बोलायला लागला.

अर्पिता बेसमेंटात उतरली. भिमाबाई अजून खाली फरशीवरच बसल्या होत्या, डबा उघडून. डब्यात तांदळाचे लाडू होते.

"ये, तोंड गोड कर. तुज्यासाठी केलंत. झाला ना काम?"

अर्पिता खोक्यापाशी बसली. तिने कोरा कागद सरळ केला आणि वर तारीख घातली.

"आता कोनाचा ऱ्हायला?" भिमाबाईंनी विचारलं. "अकरा झालं ना?"

अर्पिताने कागद स्वतःकडे ओढला. तारखेखाली तिने काहीच लिहिलं नव्हतं. पेन नुसतं हातात होतं.

भिमाबाई कागदाकडे बघत राहिल्या, मग अर्पिताकडे. हातातला लाडू त्यांनी परत डब्यात ठेवला, झाकण लावलं, नीट दाबलं.

"मंग मी उगाच लिवाला सांगला गो," त्या हळूच म्हणाल्या. "वय झाला म्हनून."

वर कुठेतरी दुसऱ्या पाळीची बेल झाली. अकराव्या मजल्यावर जायचं होतं, महिनाअखेरपर्यंत तो मजला त्यांचाच होता. भिमाबाईंनी एक पाय मुडपला, उठायला म्हणून अंग पुढे टाकलं आणि परत खाली बसल्या.

"हात दे गो बाय," त्या म्हणाल्या.