तोंडाला साबण नसलेलं गिऱ्हाईक

सलूनवाल्याचं तोंड दिवसभर कात्रीपेक्षा जोरात चाले, पण घरी आला की मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प. बायको म्हणायची, "सगळं बोलणं गिऱ्हाइकांना वाटून येता, आमच्या वाट्याला नुसती मान." त्यावरही तो मानच हलवायचा.

त्यांची ठकी तीन वर्षांची झाली, तरी दोन-चार शब्दांपुढे जाईना. डॉक्टरांनी कान तपासले, ते ठणठणीत निघाले. "तिच्याशी बोला, चित्रांची पुस्तकं दाखवा, गोष्टी सांगा," डॉक्टर म्हणाले. "आधी बोलणं, मग वाचणं." सलूनवाल्याला धास्ती पडली. पोर बोललीच नाही तर?

घरी त्याला काही सुचेना, म्हणून तो संध्याकाळी तिला दुकानातच आणू लागला. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून तिला वर बसवायचं, मांडीवर पुस्तक द्यायचं की झालं सुरू. "हे काय? मांजरीचं पिल्लू! कुठं बसलंय? दारात! मजा आहे ना? आहेच मुळी!" दुकानात त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला की कुणाला आवरत नसे. ठकी टकामका बघत राही.

एकदा त्याची मेहुणी आली. ती पाळणाघर चालवायची. थोडा वेळ ऐकून ती खो खो हसत सुटली. "अहो भावोजी, गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण असतो, म्हणून त्याची उत्तरंही तुम्हीच देता. हिच्या तोंडाला कुठं साबण आहे? विचारा आणि गप्प बसा."

प्रश्न विचारून गप्प बसायचं म्हणजे त्याला शिक्षाच. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "पिल्लू काय करतंय?" आणि ओठ घट्ट आवळले. उत्तर जिभेवर नाचत होतं. त्याने पुसलेला कंगवा परत पुसला. मग टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

ठकीने चित्रावर बोट ठेवलं. "रडतंय."

छे, हसतंय की! पण त्याने ते गिळलं. "का गं रडतंय?"

ठकीने पिल्लाच्या तोंडावरून बोट फिरवलं.

"घरी बाबा बोलत नाही."

पोर बोलली म्हणून त्याला हर्ष झाला आणि काय बोलली ते कळून मान खाली गेली. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आता बोलेल," तो कसाबसा म्हणाला. "रोज बोलेल."

आणखी खूप सांगायचं होतं, पण ठकीला पुढचं पान हवं होतं.