सॅटिनच्या फडक्यावर वाढलेला पाय

चर्चच्या हॉलमध्ये जागा नव्हती म्हणून लोक खिडक्यांच्या कट्ट्यावर चढले होते, आणि समोर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या फिरकीमामाच्या भाचीचा पाय वाढत होता.

खरंच वाढत होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बाहेरून आलेला सुवार्तिक, म्हणजे फिरता ख्रिस्ती प्रचारक, गुडघ्यांवर बसला होता. तिच्या दोन्ही टाचा त्याच्या तळहातांत होत्या आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"बघा, हाड ऐकतंय. हाडाला कान असतात, मंडळी. डॉक्टर म्हणतो, राहू दे तसंच. प्रभू म्हणतो, वाढ. कुणाचं ऐकायचं?"

"प्रभूचं," हॉल गरजला.

"मग हाड काय करणार?"

"वाढणार."

आणि डावी टाच सरकत सरकत उजवीच्या बरोबरीला आली. हॉलभर हालेलुया झालं. पुढच्या रांगेत तिची आई, मामाची ताई, हमसून हमसून रडत होती. तिची लेक जन्मापासून एका पायानं इंचभर आखूड. चोवीस वर्षं डाव्या पायात जाड तळाचा बूट घातला, तेव्हा कुठे सरळ चालली. सुवार्तिकानं तो बूट उचलला, सगळ्यांना दाखवला आणि व्यासपीठामागच्या खिळ्याला टांगून टाकला.

तिसऱ्या रांगेत ताईचा धाकटा भाऊ बसला होता. चर्चमधली सगळी मंडळी त्याला फिरकीमामा म्हणते. धंदा ड्रायव्हिंग स्कूलचा, छंद लोकांच्या खोड्या काढण्याचा. एकदा त्यानं पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, माइकला कोंबड्याचं आरवणं जोडलं होतं. उपदेशाच्या ऐन रंगात कोंबडा आरवला आणि बायबलातला कोंबडा आठवून चारपाच जणांनी तिथल्या तिथे पश्चात्ताप केला. अशा माणसाला दुसऱ्याची खोडी लांबून कळते. सगळे टाचांकडे बघत होते तेव्हा मामा खुर्चीकडे बघत होता. खुर्चीवर निळं, चकचकीत फडकं अंथरलं होतं. सुवार्तिक त्याला प्रार्थनेत भिजलेलं वस्त्र म्हणत होता. मामाला ते उशीच्या अभ्र्याचं सॅटिन वाटलं.

पुढच्या आठवड्यात मामा ताईकडे गेला, तर भाची सपाट चपला घालून भिंतीला धरून स्वयंपाकघरात चालली होती.

"दुखतंय?"

"नाही."

"मग भिंतीला कशाला चिकटलीस? ती पडतेय का?"

"मामा, सवय व्हायला वेळ लागतो." कमरेवर हात ठेवूनच ती बोलत होती. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं तिचं काम. मागच्याच महिन्यात हाडाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बूट सोडलास तर खुब्याचा सांधा झिजेल, आणि झिजलेला सांधा परत भरून येत नाही.

ताई मध्ये पडली. "तिला काही विचारू नकोस. दुखतंय म्हटलं की विश्वास कमी होतो. तोंडानं 'मी बरी झाले' म्हणायचं, मग शरीर मागून येतं. येत्या रविवारी साक्ष द्यायचीय तिला, सगळ्यांसमोर."

मामाची खरी पंचाईत इथे होती. त्या मंडळीत ही रीतच पडून गेली होती. बरं वाटण्याआधी बरं झालो म्हणायचं. ज्याला दुखतंय त्यानं दुखतंय म्हटलं की चमत्कार खोटा ठरत नाही, माणूस खोटा ठरतो. सुवार्तिकाला काहीच करावं लागत नव्हतं. त्याची फसवणूक लोक आपापल्या घरी फुकट चालवत होते. आणि एकदा का पोरीनं माइकवर "पाय वाढला" म्हटलं, की तिनं पुन्हा बूट घालणं म्हणजे देवाला तोंडावर खोटं पाडणं.

"साक्ष नाही दिली तर?" मामानं विचारलं.

"मला विश्वासात वाढायचंय, मामा," भाची म्हणाली. "तू थट्टा करू नकोस."

थट्टा नको, तर मामानं प्रयोग केला. बुधवारी ताईच्या घरी प्रार्थनेला पंधरावीस जण जमले होते. मामानं उशीचा सॅटिनचा अभ्रा काढून खुर्चीवर टाकला आणि गायनमंडळातल्या एका जाड्याला बसवलं. जाड्याचे दोन्ही पाय हत्तीसारखे आणि एकसारखे. मामानं टाचा धरल्या, पाय किंचित उजवीकडे वळवले. डावा आखूड दिसायला लागला.

"अरे बापरे, हा कधीपासून?" जाड्या घाबरला.

मामानं पाय सावकाश मध्ये आणले. डावा वाढला. "झालं? आता नीट ऐका. ह्यात काही—"

पुढचं कुणी ऐकलंच नाही. गाणं सुरू झालं. जाड्या खोलीभर चालून दाखवत होता आणि शेजारची आजी मामाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होती, "असल्या टवाळालासुद्धा देवानं वापरलं बघा."

"आजी, मी फसवलं तुम्हाला. ही युक्ती आहे."

"नम्रता किती आली ह्याच्यात."

"नम्रता नाही हो. उशीचा अभ्रा आहे हा."

"साध्या अभ्र्यातूनसुद्धा," आजींनी डोळे मिटले.

मामानं कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. आयुष्यभर खोड्या काढल्या, पण कबूल करूनही न पकडली जाणारी खोडी पहिलीच. तो तसाच तणतणत पाळकांकडे गेला. पाळक सज्जन माणूस. त्यांनी सगळं ऐकलं आणि चहाचा कप बशीत फिरवत बसले.

"मला तेव्हाच शंका आली होती," ते म्हणाले. "पण हॉल किती वर्षांनी भरलाय. त्यातले थोडे जरी टिकले—"

"खोट्यावर टिकलेले कशात वाढणार, पाळकसाहेब? थापेत?"

चहा गार झाला.

मामा वैतागून ताईकडे परतला तर मंडळी पांगली होती. भाची खुर्चीशेजारी एकटी उभी होती, अभ्रा हातात घेऊन.

"माझ्यावर करून दाखव," ती म्हणाली.

तिनं समोर आरसा टेकवला. मामानं पाय धरले. "आधी दोन्ही पाय उजवीकडे. डावा असतो त्याहून आखूड दिसतो, दिसला? आता मध्ये आणतो, आणि आणताना डावा हलकेच ओढतो. तू बघ कुठे सरकतेयस ते. पायाकडे नको बघू, कमरेकडे बघ."

तिनं कमरेकडे पाहिलं. गुळगुळीत कापडावर तिचा डावा खुबा पुढे घसरला होता. टाचा बरोबरीत आल्या होत्या.

"मला कळलं कसं नाही मी सरकले ते?"

"माझ्या गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. शिकणाऱ्याला वाटतं गाडी आपणच थांबवली. सगळं लक्ष रस्त्यावर असतं ना. तुझं लक्ष टाचेवर होतं, आणि कानात तो ओरडत होता."

ती उठली, भिंतीला पाठ लावून दोन्ही गुडघे ताठ करून उभी राहिली. डावी टाच जमिनीला टेकली नाही. तिनं वाकून त्या फटीत दोन बोटं घालून पाहिली. मामाला वाटलं रडेल. ती नुसती म्हणाली, "आणि मी देवाची माफी मागत होते. माझा विश्वास कमी पडतोय म्हणून."

रविवारी हॉल पुन्हा तुडुंब. सुवार्तिकानं तिला माइकपाशी बोलावलं. मामा खुर्चीच्या कडेवर सरकला. ती काय बोलणार हे तिनं त्यालाही सांगितलं नव्हतं.

"माझा पाय वाढला नाही," भाची म्हणाली.

सुवार्तिक हसला. "बहीण, हा शंकेचा आत्मा बोलतोय. त्याला गप्प कर. म्हण, मी बरी झाले."

"रोज म्हणतेय. म्हणून झालं की कमर शेकायला बसते. आणि प्रार्थनेला बसले की चोरी करून आल्यासारखं वाटतं, कारण देवाला माझी टाच कुठे आहे ते माहीत आहे. ह्यात मी विश्वासात वाढले नाही. घाबरायला शिकले फक्त." तिनं खुर्ची पुढे ओढली, सुवार्तिकाचंच निळं फडकं अंथरलं. "बसा. तुमचाही पाय वाढवून दाखवते."

"देवाची परीक्षा पाहू नकोस."

"देवाची नाही. फडक्याची."

सुवार्तिक बसला नाही. ताई मान खाली घालून होती. मामा उठणार तेवढ्यात कोपऱ्यातून पाळक आले, अवघडून, आणि खुर्चीत बसले. भाचीनं त्यांच्या टाचा धरल्या, पाय वळवले, मध्ये आणले. पुढच्या रांगेतल्यांनी पाय वाढताना पाहिला.

"पाळकसाहेब, तुमचा पाय आखूड होता?"

"नव्हता."

"आता वाढला?"

"नाही. आणि हे मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं." त्यांनी माइक जवळ घेतला. "माझं चुकलं."

भाचीनं खिळ्यावरचा बूट काढला, तिथेच खाली बसून पायात चढवला आणि सगळ्यांसमोर सरळ चालत जागेवर गेली.

आता वाचणाऱ्यांना वाटेल, लोकांनी सुवार्तिकाला हाकललं असेल. कसलं काय. त्यानं निळं फडकं घडी करून पिशवीत घातलं, "ह्या मंडळीत विश्वास नाही" म्हणाला आणि निघाला. त्याच्यामागे अर्धा हॉल गेला. जाड्याही गेला, त्याच्या वाढलेल्या पायासकट. ताई मामाशी बोलेना. मामा पायरीवर बसून स्वतःशीच चरफडत होता: डोळ्यांसमोर उलगडून दाखवलं, तरी हे असं.

तेव्हा शेजारची आजी हळूच भाचीजवळ येऊन टेकली. इकडेतिकडे बघून पुटपुटली, "पोरी, मी बीपीच्या गोळ्या बंद केल्यात. बरी झाले म्हणून साक्ष दिली होती ना. सकाळी उठलं की गरगरतं. कुणाला सांगू?"

"मला सांगितलंत ना," भाची म्हणाली. "उठा, आत्ताच डॉक्टरकडे जाऊ."

"लोक काय म्हणतील?"

"मला म्हणतायतच. तुम्ही माझ्याबरोबर चला."

त्या दोघी फाटकाबाहेर पडल्या. मग मामाकडे अजून एक जण आला, त्याच्या मागून आणखी एक, दोघंही आवाज खाली करून बोलणारे. मामानं दोघांनाही एकच सांगितलं, आणि तुम्हालाही तेच सांगायचंय. ज्या देवावर तुमचा विश्वास आहे त्याला तुमच्या खोट्या साक्षीची गरज नाही. कुणी चमत्कार दाखवला तर तो खुर्ची बदलून, फडकं काढून, उजेडात पुन्हा दाखवायला सांगा. त्यानं नकार दिला तर तिथून निघा. दुखत असेल तर दुखतंय म्हणा, मोठ्यानं म्हणा. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणाच्याही टाळीवर बंद करू नका.