बोलणाऱ्यांची पाटी

मी पाटी बोलतेय. कामगार संघटनेच्या सभागृहाच्या दाराशी टांगलेली. ज्याला सभेत बोलायचंय त्यानं माझ्यावर खडूनं नाव लिहायचं आणि नंबर आला की उठायचं, एवढाच नियम. माझ्या लाकडी चौकटीवर एका भोळ्या सुतारानं कोरलंय, 'इथे कुणीही बोलावं.' त्या सुताराचा मला आता राग येतो.

पहिलं नाव खोडलं गेलं ते एका फिटरचं. बाहेरून आलेल्या मजुरांना हाकलून द्या, असं तो म्हणायचा. चिटणीसांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि त्याचं नाव पुसलं. टाळ्या पडल्या. छापखान्यात बाइंडिंग करणाऱ्या मावशींनी तर सगळ्यांत जोरात वाजवल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण उद्या कुणाचं पुसायचं आणि ते ठरवायचं कुणी, हे एकानंही विचारलं नाही. अंगठ्याला चटक लागली.

पुढे संप फसला कसा, असं विचारणाऱ्याचं नाव गेलं. मग भाषण चालू असताना हसणाऱ्या एकाचं. प्रत्येक वेळी टाळ्या होत्याच. मेल्यांचे हात कसे दुखत नाहीत!

परवाची सभा सरकारच्या भाषणबंदीचा निषेध करायला होती. मावशींनी नाव लिहिलं. त्यांची सून गरोदर राहिली म्हणून तिला कामावरून काढलं होतं. कुणी? संघटनेच्याच छापखान्यानं. दुसऱ्या मालकानं हेच केलं असतं तर यांनी त्याच्या दारात ठाण मांडलं असतं. पण आपला तो बाब्या!

"मावशी, आज नको," चिटणीस म्हणाले. "शत्रूच्या हाती आयतं कोलीत मिळेल."

"मग कधी? नातू शाळेत जायला लागल्यावर?"

"योग्य व्यासपीठावर मांडा ना."

"मग हे काय आहे? वाचा की, चौकटीवर काय लिहिलंय ते."

अंगठा ओला झाला. थुंकी वाळायच्या आत चिटणीसांचं अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचं भाषण सुरू झालं. मला दारातून सगळं ऐकू येत होतं. किळस आली.

मावशी घरी गेल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याला भोकं पाडायचा टोचा काढला आणि माझ्या छातीवर कोरलं, 'माझ्या सुनेला कामावर घ्या.' खूप दुखलं. तरी मी खिळ्यावरून हलले नाही.

चिटणीसांनी घासून घासून पाहिलं. अंगठ्याचं कातडं सोललं, अक्षर हललं नाही. मग त्यांनी मला उलटी टांगली. आता नावं माझ्या पाठीवर असतात आणि ती चिटणीस स्वतःच लिहितात. माझं तोंड भिंतीकडे, सुताराची अक्षरंही भिंतीकडे. सून घरी बसली आहे आणि मावशींनाही आता छापखान्यात पाऊल टाकू देत नाहीत.

फिटरच्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुमच्याशीच बोलतेय. पुढच्या सभेला याल तेव्हा आत शिरण्याआधी मला खिळ्यावरून काढा, उलटी करा आणि मोठ्यानं वाचा. तेवढी छाती नसेल, तर निदान हात तरी खिशात ठेवा.