पीण्यातलं वायुचक्र

आकडा उतरत होता, तेव्हाच शरच्चंद्रांच्या खिशातला फोन थरथरला.

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, छोट्या कारखानदारांच्या सभागृहात दीडशे माणसं दाटीवाटीने उभी होती. समोरच्या पडद्यावर कार्बन डाय-ऑक्साइड मोजणाऱ्या मीटरचा आकडा मोठा करून दाखवला होता. ध्यानासाठी म्हणून पाऊण तास पंखे बंद, दारं-खिडक्या बंद. आकडा चढत चढत एकोणीसशेला पोचला होता. मग रघुनंदन गुरुजींनी तांब्याची चकती डोक्यावर धरली. शंख वाजला. "दारं उघडा, पंखे लावा! मलिन वायूला वाट द्या!" गुरुजी गरजले, आणि आकडा घसरायला लागला. पंधराशे. बाराशे. नऊशे.

"तुमचा फोन टॉवरशी बोलतो की नाही? तसं हे वायुचक्र हवेशी बोलतं! फोनच्या पाठीला चिकटवा. एक कोटी फोन म्हणजे एक कोटी तुळशी! बेंगळुरूचा हिमालय होईल, हिमालय!"

"मीटर कुणाचं रे, मल्हार?" शरच्चंद्रांनी शेजारी विचारलं. मल्हार या कारखानदारांच्या संघाचा सेक्रेटरी.

"आपलंच, काका. मी स्वतः खोलून पाहिलं. मोकळ्या हवेत नेऊन तपासलं. मीटर खोटं बोलत नाही."

शरच्चंद्रांनी मान डोलावली. बत्तीस वर्षं सरकारी टेलिफोन कारखान्यात काढलेला माणूस. मीटर बरोबर म्हटल्यावर पुढे काय विचारणार? मग त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडे देवश्री, त्यांची मुलगी.

"बाबा, आई गेली."

आकडा सातशेवर आला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्यांना इथे त्यांच्या बायकोनेच, कल्पनाने, पाठवलं होतं. तीन आठवडे ती फुप्फुसाच्या आजाराने दवाखान्यात होती. सकाळी तिने त्यांना जवळजवळ हाकललंच. "अहो, मी काही आज मरत नाही. जा, डोळ्यांनी बघा आणि मला सांगा." तिची घाई खरी होती. निवृत्तीनंतर तिने पीण्यातले चाळीस कारखानदार दारोदार फिरून तयार केले होते. प्रत्येक कॉम्प्रेसरला एक छोटं वीज-मीटर लावायचं. मशीन फुकट चालू राहिलं की मीटरने मालकाच्या फोनवर निरोप पाठवायचा. तीन कारखान्यांत करून पाहिलं, तर जेवणाच्या सुट्टीतही कॉम्प्रेसर चालू आणि गळक्या नळ्यांमधून हवा फुसफुसतेय. तेवढी वीज वाया, आणि त्या विजेसाठी कुठेतरी जाळलेला कोळसाही वाया. चाळीसही जण हो म्हणाले होते. आता मल्हार म्हणत होता, चक्र असताना मीटरची कटकट कशाला? पुढच्या सभेत ठरणार होतं.

त्यानंतरचे दिवस शरच्चंद्र एका जागी बसले नाहीत. बसवनगुडीच्या घरात या खोलीतून त्या खोलीत. चहा करायचे आणि प्यायचं विसरायचे. मी तिथे टाळ्या ऐकत उभा होतो, एवढंच डोक्यात.

तेराव्याला घर भरलं. रस्त्याचा आवाज नको म्हणून गॅलरीचं दार लावून घेतलेलं. टेबलावर कल्पनाचं, सभागृहातल्यासारखंच कार्बन डाय-ऑक्साइडचं मीटर पडलं होतं. शरच्चंद्रांची नजर गेली. अठराशे. तेवढ्यात देवश्रीने दार उघडलं. थोड्या वेळाने पंधराशे. मग तेराशे.

"दार लाव!"

"बाबा, लोक घामाघूम झालेत."

"लाव म्हणतो ना!"

आकडा पुन्हा चढला. "आता उघड." उतरला. "लाव."

"दुःखाने डोकं फिरलं बिचाऱ्याचं," मावससासू सुनंदाबाई कुजबुजल्या. शरच्चंद्रांना त्या दिवशी पहिल्यांदा धड भूक लागली.

सभेच्या दिवशी तीच गर्दी, तीच चकती. शंख वाजणार इतक्यात शरच्चंद्र पुढे गेले. "गुरुजी, आज दारं बंदच राहू द्या. पंखेही. बाकी सगळं तसंच करा."

"मलिन वायू जाणार कुठून?"

"चक्र शोषून घेतं म्हणालात ना?"

मागून कुणीतरी हसलं. शंख वाजला. दोन हजार. पुन्हा वाजला. दोन हजार पन्नास.

"संशयी माणूस समोर असला की वायू रुसतो," गुरुजी म्हणाले.

"मग मी बाहेर थांबतो." शरच्चंद्र खरंच बाहेर गेले आणि त्यांनी दार ओढून धरलं. दहा मिनिटांनी आतून थापा पडल्या. लेथवाले गौडा ओरडत होते, "सार, स्वल्प दार उघडा! गुरुजींच्या आधी आम्हीच समाधी घेऊ!"

आकडा होता बावीसशे.

"आता उलट करू," शरच्चंद्र म्हणाले. "गुरुजी, तुम्ही आणि तुमचं चक्र रिक्षात जाऊन बसा. आम्ही दारं उघडतो, पंखे लावतो."

गुरुजी "अहंकारी लोक" म्हणत निघाले ते परत आलेच नाहीत. इकडे आकडा उतरत सातशेवर आला. या वेळी टाळ्या नव्हत्या.

"दीडशे माणसं बंद खोलीत श्वास सोडतात, म्हणून आकडा चढतो," शरच्चंद्र म्हणाले. "दार उघडलं की उतरतो. एवढंच आहे. वायू शोषला गेला नाही, बाहेर गेला."

मल्हारने कपाळाला हात लावला. "काका, मी मीटर तपासलं. दार नाही तपासलं."

"मीही नाही. आपण सगळे मीटरवाले. आकडा खरा निघाला की कारणही खरं धरून चालतो. आपल्याला फसवायला खोटं मीटर लागत नाही, खरं मीटरच पुरतं. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एक गोष्ट बदला आणि पुन्हा करून बघा. फोनला तांबं चिकटवून शहराचा धूर कमी होत नाही. त्याच फोनवर 'कॉम्प्रेसर चालू राहिलाय' असा निरोप आला, आणि माणूस उठून तो बंद करायला गेला, तर होतो."

"कल्पनाअक्का हेच सांगत होत्या," गौडा म्हणाले. "सरी, ठीक आहे, माझ्याकडे उद्या लावा."

सगळे काही गौडा नव्हते. कुणी बघू म्हणालं. कुणाच्या फोनवर चकती अजून आहे. असू दे, नुकसान काय, म्हणतात. शरच्चंद्र रोज सकाळी मेट्रोने पीण्याला जातात आणि कल्पनाची यादी घेऊन दारं ठोठावतात.

डोळ्यांनी पाहिलेलं तिला सांगायचं राहून गेलं. मीटरं नऊ कारखान्यांत लागलीत. एकतीस बाकी आहेत.