तपासलेले बिबडे

कुर्रम.

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातून आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि पुन्हा, जरा बेतानं, कुर्रम. म्हणजे किमया झोपलेली नाही. माझी चार वर्षांची लेक ओट्याखाली बसून बिबड्यांचे तळलेले तुकडे खाते आहे, आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून एकेक तुकडा आधी जिभेवर भिजवते आहे. मी उठले नाही. ती जागी आहे हे मान्य केलं तर माझं लिहिणं संपलं. माझं ताटही तिकडे झाकूनच ठेवलंय, ते नंतर.

शिवाय गोष्ट त्या तुकड्यांचीच आहे.

आमच्या मेहरूणमध्ये शाळा सुटली की सहावी-सातवीची पाच-सहा पोरं माझ्याकडे येतात. बुधवारी अभ्यास नाही. गल्लीत ज्याला हात कमी पडतात त्याचं काम करायचं. युसूफभाई गादीवाल्यांची नाजमीन आली तेव्हा कितीतरी दिवस फक्त किमयाशी बोलायची. मग मीही तिला प्रश्न विचारणं सोडलं आणि तिच्याशेजारी नुसती शेंगा सोलत बसू लागले. सोलता सोलता एक दिवस तीच बोलायला लागली, ती थांबेचना. पण युसूफभाईंची एक अट होती: कुठूनही एक तक्रार आली, की येणं बंद. पोरगी ती अट दप्तरासारखी पाठीवर घेऊन फिरायची.

फाल्गुनात भिकूबाई आक्कांचे बिबडे निघाले. ज्वारीचा घाटा शिजवून ओल्या धोतरावर हातानं थापायचे हे पापड. आक्का एकट्या राहतात, आणि जीभ त्यांच्या मिरचीपेक्षा तिखट. सकाळी बायकांनी थापून दिले, दुपारनंतर गच्चीवरची राखण माझ्या पोरांकडे. कावळे हाकायची काठी आक्कांनी नेमकी नाजमीनच्या हातात दिली. खाली जाताना सांगून गेल्या, ऊन उतरलं की कड मोडून बघा वाळला का.

पोरांनी बघितलं. प्रत्येकानं. प्रत्येक बिबडा.

आक्का आणि मी वर गेलो तेव्हा धोतरावर एकही गोल बिबडा नव्हता. एक शेळीसारखा दिसत होता, एक पार चंद्रकोर झाला होता. सातपुड्याच्या पायथ्याहून वसतिगृहात राहायला आलेला तेरसिंग हनुवटीला बिबड्यातले तीळ चिकटलेले असताना गंभीरपणे म्हणाला, "ताई, खाल्ले नाहीत. तपासले."

एकटी नाजमीन काही चावत नव्हती. तिचा रोजा होता. तिनंही इमानदारीत प्रत्येकाची कड मोडली होती, पण तुकडे ओढणीत गोळा करून ठेवले होते. म्हणजे जिनं एक तुकडाही खाल्ला नाही, मुद्देमाल तिच्याकडेच. आक्कांनी ओढणीकडे पाहिलं. पोरीनं ती तिथंच सोडली आणि जिना उतरून घराकडे धूम ठोकली.

आक्कांनी चपला घातल्या, सकाळच्या उरलेल्या घाट्याचं पातेलं उचललं आणि तिच्या मागे निघाल्या. मी किमयाला कडेवर घेऊन त्यांच्या मागे, माझ्यामागे तपासनीस मंडळी. पातेलं कशाला, मला कळेना. पुरावा म्हणून असेल. वाटेभर मी आक्कांची मनधरणी केली, चूक माझी म्हणाले, नवे बिबडे थापून देते म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही.

युसूफभाई दाढीत कापूस घेऊन गादी शिवत होते. नाजमीन गाद्यांच्या थप्पीमागे. तिचे फक्त पाय दिसत होते.

"भाऊ, तक्रार शे मन्ही," आक्का म्हणाल्या.

सुई थांबली. थप्पीमागचे पाय आत ओढले गेले. तेरसिंग घाईघाईनं सांगू लागला की सगळ्यात जास्त त्यानंच तपासले, नाव काढून टाकायचंच असेल तर त्याचं काढा. आक्कांनी त्याला हातानंच गप्प केलं.

"बठ्ठा पोरे खाई ग्यात. तुन्ही पोर दिनभर राबनी आन् उपाशी पळी ऊनी. मन्हा घरथून बिबडासना दिन आजलोंग कोनी उपाशी गयं नई."

बाकी सगळी पोरं खाऊन गेली आणि राबलेली नाजमीन तेवढी उपाशी पळून आली, ही आक्कांची तक्रार. युसूफभाई हळूच म्हणाले, "आक्का, रोजा आहे तिचा."

"रोजा शे ते माले बी म्हाईत शे. मंग सांज व्हस का नई?"

आणि पातेलं खाली ठेवलं.

युसूफभाईंनी दाढीतला कापूस काढला. "एक तक्रार आली की बंद, असं मी म्हटलं होतं," ते म्हणाले. "पण आक्का, ही तक्रार आहे की दावत?"

"तक्रारच शे," आक्का म्हणाल्या आणि नव्या गादीवर बसून घेतलं.

अजान झाली तेव्हा खजुरानंतर तेल घातलेला घाटा सगळ्यांनी खाल्ला, ज्यांचं पोट आधीच भरलं होतं त्यांनीही. अट थोडी बदलली. आता दर बुधवारी आक्कांकडे गेल्यावर नाजमीन काही खाल्ल्याशिवाय परतली, तर तक्रार. त्या ओढणीतले तुकडे आक्कांनी वाळवून वाटले. आमच्या वाट्याचा डबा ओट्याखाली.

कुर्रम थांबलं आहे. किमया दारात येऊन उभी आहे, दोन्ही हात मागे, ओठांना तेल. तिनं माझं झाकलेलं ताट उघडून पाहिलेलं दिसतंय.

"आई, तूपण नाही ना जेवलीस?" ती म्हणते. "मग तुझी तक्रार कुणाकडे करायची?"