दोन वाजताचा ठिपका

भावना मेश्राम हत्तींवर नजर ठेवायची. नवा रायपूरच्या एका संशोधन प्रकल्पात तिची नोकरी होती. महासमुंदच्या जंगलातल्या एका हत्तिणीच्या गळ्यात पट्टा होता आणि ती कुठं आहे, त्याचा ठिपका भावनाच्या मोबाइलवर उमटायचा. आधी दर तासाला उमटायचा. पट्ट्याची बॅटरी चार वर्षं पुरावी म्हणून भावनानंच तो सहा तासांवर नेला होता.

तिचा धाकटा भाऊ यशदीप एकोणीस वर्षांचा. लायसन्स मिळून तीन महिने झाले होते. त्याच भागातून तो भाजीची पिकअप रायपूरला आणायचा, आणि निघण्याआधी बहिणीला विचारायचा.

त्या दिवशी पहाटे पावणेसहाला फोन आला.

"दीदी, जंगलवाला रोड ले लूँ? चालीस मिनट बचेगा. कोहरा है थोड़ा."

भावनानं अंथरुणातच पाहिलं. ठिपका अकरा किलोमीटर दूर होता.

"हव, ये. पण हळू चालव."

ठिपका रात्री दोन वाजताचा होता. नंतर कितीदा आठवून पाहिलं, तरी वेळ बघितल्याचं तिला आठवेना.

एका वळणावर हत्तीण पिलाला घेऊन रस्ता ओलांडत होती. यशदीपनं जोरात ब्रेक दाबला. पिकअप उलटून नाल्यात गेली. गावच्या लोकांनी त्याला बाहेर काढलं तोवर तो गेला होता. आठ वाजता नवा ठिपका आला, रस्त्यापासून दोन किलोमीटरवर.

यशदीपचा जलदान विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी वडील, तुळशीराम, रायपूरच्या गुढियारीतल्या घराच्या पायरीवर बसले होते. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. भावना शेजारी बसली.

"बाबा, त्यानं मले फोन केला होता. मीच ये म्हटलं."

त्यांनी घरात वळून पाहिलं.

"तुह्या आईले सांगू नको."

"काहून?"

"तिच्यापाशी आता तूच आहे."

भावना कामावर गेली. ठिपका पुन्हा तासाला करू द्या, असं तिनं साहेबांना सांगितलं. ते हळूच म्हणाले, "पट्टा वर्षभरात बंद पडेल. मग आपल्या हाती काहीच नाही."

घरी माणसं अजून भेटायला येत होती. आई, कांताबाई, प्रत्येकाला तेच सांगायची, "फोन लागला नसंल त्याचा. लागला असता, तर माह्या पोट्टीनं थांबवलं असतं."

भावना रिकामे कप उचलून आत न्यायची.